कोल्हापूरच्या आसपासची छोटी गावं घरच्यांना घेऊन पायी बघायची आहेत, कुठून सुरुवात करू?

मंगळवारपेठी

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज लिहितो. दिवाळीच्या सुट्टीत घरच्या सगळ्यांना घेऊन आपल्या जिल्ह्यातली छोटी गावं पायी फिरायची आहेत. घरचे म्हणजे आई (सत्तरी ओलांडलेली, गुडघे कुरकुरतात पण हिंडायची हौस दांडगी), बायको, सातवीतला मुलगा आणि पहिलीतली मुलगी.

ट्रेकबद्दल विचारत नाहीये. मला पेठा, घाट, बाजार, जुने वाडे, तालमी बघायच्यात. आपण गोवा-महाबळेश्वर करून येतो आणि कागल, मुरगूड, कुरुंदवाड, गडहिंग्लज ही नावं नुसती एसटीच्या पाटीवर वाचतो. गेलोच तर गाडी देवळापाशी लावायची, दर्शन, प्रसाद, फोटो, की परत गाडीत. माझं मत ठाम आहे: छोटं गाव गाडीच्या काचेतून दिसत नाही. ते चालत फिरावं, आणि घरातलं सगळ्यात हळू चालणारं माणूस ज्या गतीनं चालतं त्याच गतीनं फिरावं.

परवा रविवारी पोरांना घेऊन सकाळी सकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गेलो. रस्त्याकडेला म्हशी उभ्या, मालक समोरच धार काढून देतो, ग्लासात वर बोटभर फेस. मुलगी म्हशीच्या शेपटीला भिऊन आजीच्या पदराआड लपली, पण ग्लास काही सोडला नाही. तिथून चालत पंचगंगा घाट, मग अंबाबाईचं दर्शन, महाद्वार, गुजरी, भवानी मंडप, बिंदू चौक. बिंदू चौकातली ती भिंत म्हणजे जुन्या कोटाची हे या शहरात जन्मलेल्या माझ्या पोराला त्या दिवशी कळलं. आता हेच गावोगाव करायचंय.

तर सांगा, पहिलं गाव कुठलं घेऊ? आई आणि लहान मुलगी बरोबर असताना किती चालावं? आणि गावात उतरल्यावर पहिल्यांदा कुठं जावं?

---

घाटावरचा_कुरुंदवाडकर

पहिलं गाव कुठलं हा काय प्रश्न झाला? नरसोबाची वाडी आणि कुरुंदवाड. दोन्ही एकाच दिवसात, मधलं अंतर चालत.

वाडीला सकाळी लवकर पोचा. पायऱ्या उतरून संगमावर जा. एकीकडनं कृष्णा, दुसरीकडनं पंचगंगा. दिवाळीत पाणी उतरलेलं असतं, त्यामुळं घाट पार खालपर्यंत मोकळा मिळतो. पावसाळ्यात हेच पाणी देवळात शिरतं. उत्तरेच्या दारानं आत, पादुकांवरून पुढं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर. तोच आमचा दक्षिणद्वार सोहळा. पाणी आणखी चढलं की देवाची उत्सवमूर्ती वर हलवतात. पोरांना पायरीवर उभं करून सांगा, इथं तुमच्या डोक्याच्या कितीतरी वर पाणी असतं म्हणून.

मग पूल ओलांडून कुरुंदवाड. आजीबाईंच्या चालीनं पाऊण-एक तास. आमचं गाव पटवर्धनांच्या संस्थानचं. घाट बघा आणि मग गल्ल्यांत शिरा. पाच मशिदींत गणपती बसतो असं गाव आहे आमचं. गणपतीत आणि मोहरममध्ये आलात तर विचारूच नका.

---

रांगडा_गडी

भावा, विषय चांगला काढलास, पण एक सांगू? आईला घिऊन एसटी, वडाप (माणसं भरून नेणारी जीप) आन वरनं पायपीट, हे जमायचं न्हाई. गाडी न्यायची, गावाच्या तोंडाला लावायची आन मग हिंडायचं. गुडघं दुखाय लागलं तर माघारी याय गाडी हाय, एवढा धीर पुरतो म्हाताऱ्या माणसाला. हट्टापायी माणसाचं हाल नकोत.

---

सुनंदा_जोशी_आजी

रांगडा गडी, माझं वय एकाहत्तर, गुडघे दोन्ही तसलेच. त्यामुळे मी बोलते.

आम्हाला चालायचा त्रास होत नाही, उभं राहायचा होतो. तुम्ही तरुण माणसं देवळासमोर उभं राहून अर्धा तास इतिहास सांगता, तिथं आमचे पाय जातात. हळूहळू चालत राहिलो आणि मधेमधे टेकायला पार, ओटा, दुकानाची पायरी मिळाली तर मी दिवसभर हिंडते. छोट्या गावात टेकायला जागा मागावी लागत नाही. ओट्यावर बसलं की घरातली बाई पाणी घेऊन येतेच, मग कुठल्या, कुणाच्या, लेकी किती अशी चौकशी सुरू होते. मला तर गाव तिथंच कळतं.

गाडीचं म्हणाल तर गाडीत मी मागच्या सीटवर गप्प बसलेली असते. एसटीत खिडकी मिळते आणि शेजारी बोलायला माणूस मिळतं. शिवाय बायकांना निम्मं तिकीट, पंच्याहत्तरीनंतर तर तेही नाही. आईंना विचारा त्यांना काय हवंय. तुम्ही आपापसातच ठरवताय.

---

मंगळवारपेठी

आजी, नमस्कार. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ह्या बाईंना आपल्याबरोबर घेऊन चल." टेकण्याचा मुद्दा वहीत लिहून घेतला.

---

रांगडा_गडी

आजी, तुमच्यापुढं आम्ही काय बोलणार. एसटी तर एसटी.

---

रूळांवरून

एसटीच्या चर्चेत रेल्वेला विसरू नका. कोल्हापूर-मिरज पॅसेंजरनं जयसिंगपूरला जा. वळिवडे, रुकडी, हातकणंगले करत गाडी जाते आणि रुकडीच्या अलीकडं पंचगंगेवरचा पूल लागतो. मुलांना खिडकीत बसवा.

जयसिंगपूर चालायला सोपं, कारण ते ठरवून वसवलेलं गाव. शाहू महाराजांनी वसवलं आणि वडील जयसिंगराव घाटगे यांचं नाव दिलं. गल्ल्या सरळ आणि त्यांना नंबर. माझ्या पुतणीला एका गल्लीच्या तोंडाशी उभं करून सांगितलं, आता तू आम्हाला स्टेशनवर घेऊन चल. बरोबर घेऊन आली. जुन्या गावात असं होत नाही, तिथं गल्ली वळते कुठं आणि निघते कुठं. एकाच आठवड्यात जयसिंगपूर आणि कुरुंदवाड दाखवा, मुलांना आपोआप कळेल की गाव दोन तऱ्हेनं वाढतं.

आणि वळिवडे स्टेशन आलं की मुलांना तिथली गोष्ट जरूर सांगा.

---

ठाण्याची_मीनल

वळिवड्याची कुठली गोष्ट? आम्ही दरवर्षी अंबाबाईला येतो, हे नाव कधी ऐकलं नाही.

---

रूळांवरून

दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधून परागंदा झालेल्या लोकांची मोठी छावणी वळिवड्याला होती. १९४३ ते १९४८. जवळजवळ पाच हजार माणसं, त्यांत बायका आणि मुलंच जास्त. रशियातून, इराणमार्गे हाल सोसत आलेली. इथं त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. युद्धानंतर ती माणसं जगभर पांगली. फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासित येऊन राहिले. आजचं गांधीनगर ते हेच. आपण दिवाळीची कापडखरेदी करायला जातो ती पेठ एकाच्या मागून एक अशा दोन देशोधडीला लागलेल्या समाजांना आसरा देऊन उभी राहिलीय. कोल्हापुरात महावीर उद्यानात या पोलिश लोकांचा स्मृतिस्तंभ आहे, आणि पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे.

मी गांधीनगरात मुद्दाम चालत फिरलो. छावणीचं आता फारसं काही दिसत नाही. तरी दुकानांच्या रांगांमधून जाताना हे माहीत असलं की त्या गर्दीकडं बघायची नजर बदलते.

---

ठाण्याची_मीनल

अंगावर काटा आला. या वेळी महावीर उद्यान नक्की.

---

दोन_पिल्लांची_आई

मंगळवारपेठी, मुलांबद्दल लिहिते, कारण पहिलीतली मुलगी बरोबर असेल तर दिवस तिच्यावरच ठरतो.

मुलांना "बघ, किती जुना वाडा आहे" म्हणून काही उपयोग नाही. त्यांना काम द्या. माझा मुलगा दारं मोजतो. लेक प्रत्येक गावात एकाच रंगाची वस्तू शोधते, तिच्या मनात येईल तो रंग. बाजारात दोघांना थोडे पैसे देऊन सांगते, आज संध्याकाळची भाजी तुम्ही आणायची. पेठवडगावच्या बाजारात आमच्या पोरीनं एका आजीशी मेथीच्या पेंडीवरून एवढी घासाघीस केली, की त्या आजीनं हसून वर कोथिंबीर घातली. घरी आल्यावर ती मेथी आम्ही निवडायला बसलो तेव्हा तिनं कुणाला हात लावू दिला नाही.

आणखी एक, दुपारी बारा ते तीन चालू नका. जेवा, देवळाच्या सभामंडपात पडा. फरशी गार असते, मुलं झोपतात. सकाळ आणि संध्याकाळ गावाची, दुपार आपली.

---

पेठवडगाव_माझं

आमच्या गावाचं नाव निघालं म्हणून लिहितोय. बाजाराला येता आणि तसेच परत जाता! सेनापती धनाजी जाधवांची समाधी वडगावात आहे. संताजी-धनाजी म्हणत पोरं मोठी होतात, त्यातला धनाजी इथं, कोल्हापूरपासून जेमतेम तासाभरावर. पुढच्या वेळी कोथिंबिरीबरोबर समाधीवर पण या ताई.

---

स्पष्टवक्ता

सगळ्यांच्या भावनांचा आदर ठेवून विचारतो. या गावांत बघण्यासारखं नेमकं काय आहे? मी कामानिमित्त तालुक्याची सगळी गावं फिरतो. सिमेंटची घरं, मोबाइलची दुकानं, फ्लेक्स, उघडी गटारं. जुने वाडे पडले, उरले ते भाऊबंदकीत अडकले. तुम्ही ज्या गावाबद्दल लिहिताय ते तीस वर्षांपूर्वीचं आहे. पोरांना नेऊन त्यांची निराशा करू नका.

---

सूत_आणि_धागा

स्पष्टवक्ता, मी इचलकरंजीचा. आमच्या गावात वाडा शोधत याल तर निराश व्हाल हे खरं. पण १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आला तेव्हापासून या गावाचा श्वास मागावर चालतो. गल्लीतून चालताना दोन्ही बाजूंनी मागांची खडखड कानावर येते. कुठल्याही शेडच्या दारात उभं राहून "पोरांना दाखवायचंय" म्हणा, कोणी नाही म्हणणार नाही. धोटा इकडून तिकडं पळताना आणि समोर इंच-इंच कापड वाढताना माझ्या भाच्यानं तासभर बघितलंय. त्यानं नंतर स्वतःच्या शर्टाची कड उलटी करून धागे बघितले. हे बघण्यासारखं नाही म्हणता? फ्लेक्स आणि गटारं आहेत. त्यांच्यामागं माणसं काम करतायत, ती बघा.

---

घाटावरचा_कुरुंदवाडकर

स्पष्टवक्ता साहेब, शिरोळ तालुक्यात या, भिंती दाखवतो. २००५, २०१९, २०२१. पूर कुठवर आला त्याच्या खुणा लोकांनी घरांच्या भिंतींवर करून ठेवल्यात. काही ठिकाणी रंगानं रेघ, काही ठिकाणी नुसता गाळाचा डाग अजून तसाच. माझ्या चुलत्यांच्या घरात २०१९ ची रेघ माळ्याला टेकलीय. पाव्हण्यांची पोरं येतात, पाठ लावून उभी राहतात आणि हात वर करून बघतात, रेघेला पोचतो का. नाही पोचत. मग गप्प होतात आणि विचारतात, तुम्ही तेव्हा कुठं होता? आम्ही सांगतो, जनावरं कशी काढली, नावा कशा आल्या, कुणाच्या शाळेत किती दिवस राहिलो. सिमेंटची घरं का झाली ते पण त्यातच आलं. मातीच्या भिंती पाण्यात विरघळल्या हो.

---

स्पष्टवक्ता

हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण असं चालत जाऊन बघायचं असतं हे डोक्यात आलं नव्हतं. २०१९ ला मी स्वतः चिखलीत मदतीला होतो. मुलाला तिथं अजून नेलेलं नाही. नेईन.

---

तिखट_जाळ

आता मेन मुद्द्यावर या. खायचं काय?

---

जयसिंगपुरी_भडंग

नाव बघा आणि समजून घ्या.

---

तिखट_जाळ

हा हा. भडंग ठरला. वाडीत कवठाची बर्फी, कंदी पेढे, बासुंदी. आणि नोव्हेंबरात जाताय तर कृष्णाकाठची वांगी पिशवीभर घेऊन या. काटेरी देठाची. तसलं भरलं वांगं दुसऱ्या कुठल्या वांग्याचं होत नाही, यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे.

---

रांगडा_गडी

वाडीला जायाचं म्हंजे त्या दिवशी मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा बंद. घरच्यांना आधीच सांगून ठेव भावा, न्हाईतर संध्याकाळी घरात बंड व्हतंय.

---

आजऱ्याची_सून

आमच्याकडे या की. आजऱ्याचा घनसाळ भात चुलीवर शिजत असला की वास गल्लीच्या टोकापर्यंत जातो. गावातून चालत रामतीर्थाला जा, हिरण्यकेशी तिथं खडकांवरून उडी घेते. पावसाळा नुकता संपलेला असतो म्हणजे पाणी भरपूर. पण मुलांना काठावरच ठेवा, दगड शेवाळलेले असतात. आणि गडहिंग्लजवरून येत असाल तर दिवाळीत तिथं फुटबॉलचे सामने असतात, सातवीतला पोरगा खूश. कोल्हापूरच्या पेठांनाच फुटबॉलचं वेड आहे असं त्याला वाटत असेल तर तेवढं बघून घेऊ दे.

---

शिल्पवेडी

वाडी-कुरुंदवाडपर्यंत गेलाच आहात तर खिद्रापूर सोडू नका. हे जरा सविस्तर लिहिते, माझा जीव आहे त्या जागेवर.

कृष्णेच्या काठावर अगदी टोकाचं गाव, पलीकडं कर्नाटक. बाहेरून बघितलं तर कोपेश्वराचं देऊळ थोराड, काळ्या दगडाचं. शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. यादव राजा सिंघणाचा १२१३ सालचा शिलालेख तिथं आहे. आत शिरण्याआधी लागतो स्वर्गमंडप. गोल मंडप, पण वर छत पूर्ण नाही. मधोमध गोल आकाश उघडं ठेवलेलं, आणि बरोबर त्याच्याखाली तेवढीच गोल शिळा. कडेनं खांब, वर कार्तिकेय आणि दिशांचे देव आपापल्या वाहनांवर बसलेले.

इथं काय करायचं सांगू? मुलांना त्या शिळेवर उताणं झोपवा. मी माझ्या वडिलांना झोपवलं होतं. आधी लाजले, मग झोपले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. वर ढग सरकत होते आणि खांबांची सावली हळूहळू शिळेवर चढत होती.

बाहेरून पायथ्याशी गजपट्ट आहे, हत्तींची रांग. सगळं देऊळ जणू हत्तींनी पाठीवर तोललंय. प्रत्येक हत्तीची झूल, दागिने वेगळे. बरेच हत्ती, मूर्ती तोडलेल्या आहेत, मुलं विचारतीलच. विचारू द्या. आणि एक कोडं घाला त्यांना: शंकराचं देऊळ, पण समोर काय नाही? नंदी. तो नदीपल्याड यडूरला आहे.

देवळातून निघून लगेच गाडीत बसू नका. गावातून नदीकडं जा, जैन मंदिर बघा.

---

रूळांवरून

खिद्रापूर अप्रतिम, वादच नाही. पण मंगळवारपेठींच्या हिशोबात ते त्याच दिवशी घेऊ नये असं माझं मत. वाडी, कुरुंदवाड आणि वर खिद्रापूर म्हणजे शेवटी पळापळ होते, आणि मग तेच, उतर-बघ-फोटो-चल. तिकडं एसटी मोजक्या. आजींच्या चालीनं एका दिवसाला एक नदीचा काठ पुरे.

---

शिल्पवेडी

मान्य नाही. काही माणसांना पुन्हा जायला जमत नाही. माझ्या वडिलांना त्यानंतर प्रवास झाला नाही. त्या दिवशी "पुढच्या वेळी" म्हटलं असतं तर राहिलंच असतं. आई सत्तरीच्या पुढं आहेत, तब्येत साथ देतेय तोवर दाखवा. वाटल्यास कुरुंदवाडला मुक्काम करा, पण न्या.

---

रूळांवरून

यावर माझ्याकडं उत्तर नाही. मुक्काम करा हेच खरं.

---

दोन_पिल्लांची_आई

एक महत्त्वाची गोष्ट कुणीच लिहिली नाही. बायकांनी जायचं कुठं? दिवसभर पायी फिरायचं म्हणजे हा पहिला प्रश्न. एका तालुक्याच्या गावी स्टँडवरच्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं आणि चावी कुणाकडं ते सांगायला कुणी नव्हतं. सासूबाईंनी त्या दिवशी दुपारपासून पाणी पिणं बंद केलं. असं होऊ देऊ नका. जेवायची जागा आधी बघा, तिथं सोय आहे का विचारा आणि फिरणं त्याभोवती आखा. गल्लीत एखाद्या घरी मोकळेपणानं विचारलं तर बायका कधी नाही म्हणत नाहीत, पण आपल्यासोबतच्या पुरुषांनी तिथं दारात घोटाळत थांबू नये.

---

सुनंदा_जोशी_आजी

शंभर टक्के. माझ्या वयाच्या कितीतरी बायका केवळ यासाठी घराबाहेर पडत नाहीत. धाग्यातल्या सगळ्या पुरुषांनी हा प्रतिसाद दोनदा वाचावा.

---

चावडीवरचा

गावकरी म्हणून माझंही एक ऐका. लोक येतात त्याचा आनंद आहे. पण घाटावर बायका धुणं धुताना, अंघोळी करताना कॅमेरे रोखतात, ते आवडत नाही. माझी आजी दारात लसूण सोलत बसली होती, एकानं न विचारता अगदी तोंडाजवळ येऊन फोटो काढला आणि निघून गेला. आजी दिवसभर विचारत होती, कशाला काढला रं? आधी बोला, बसा, चहा प्या, मग विचारून काढा. आणि काढलाच तर परत पाठवा. आमच्या भिंतीवर लावू.

---

मंगळवारपेठी

चावडीवरचा, हे घरी सगळ्यांना वाचून दाखवलं. फोटो मुलगा काढणार आहे, त्याला नियम सांगितला: आधी नाव विचारायचं, मग परवानगी, मग फोटो.

---

पायताण

कापशीला कुणी जाणार असेल तर सांगा. कोल्हापुरी चप्पल सगळे चप्पल लाईनीत घेतात, पण "कापशी" हा चपलेचा प्रकार ज्या गावावरून आला ते सेनापती कापशी कागल तालुक्यात आहे. माझे आजोबा चपला करायचे. कातडं कमवायला बाभळीची साल आणि हिरडा. मग ठोकणं, शिवणं, वेणी घालणं. तळव्याच्या दोन थरांमध्ये विंचू नावाच्या झाडाचं बी घातलं की चप्पल चालताना करकर वाजते. आजोबा संध्याकाळी गल्लीत शिरले की आम्ही आवाजावरनं ओळखायचो.

तुम्ही पायी फिरणारे, तर एवढं करा. एखाद्या कारागिराच्या घरी बसून चप्पल होताना बघा आणि त्याच्याकडनंच घ्या. घासाघीस करू नका. एका जोडात किती हात लागतात ते डोळ्यानं बघितलं की तुमचं तुम्हालाच घासाघीस करावी वाटणार नाही. नवी चप्पल त्याच दिवशी घालून चालू मात्र नका, आधी तेल पाजा आणि घरात वापरून पायाला बसू द्या.

---

तिखट_जाळ

पायताण, हे वाचून उद्याच जावंसं वाटतंय. आजोबांबद्दल वेगळा धागा काढाच.

---

गडावरचा_वारा

पन्हाळा कुणीच लिहिला नाही, बहुतेक सगळ्यांना तो "आपलाच" वाटतो म्हणून. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला, त्यानंतर गर्दी वाढलीय आणि गाड्या पार तीन दरवाजापर्यंत खेटून नेतात. पन्हाळा हे राहतं गाव आहे. माणसं पिढ्यान्‌पिढ्या गडावर राहतात. एसटीनं जा आणि गल्ल्यांतूनच अंबरखान्याकडं चालत जा. गंगा, यमुना, सरस्वती अशी धान्याच्या कोठारांची नावं मुलांच्या लक्षात राहतात. अंधारबावेत उतरताना आईंचा हात धरा. तीन दरवाजाजवळ बायका झुणका-भाकरी आणि मडक्यातलं दही देतात, दगडावर बसून खा. सिद्दी जौहरचा वेढा आणि १६६० च्या जुलैतली ती रात्र सगळ्यांना ठाऊक असते. कवी मोरोपंत इथलेच, १७२९ चा जन्म, हे मात्र मराठीच्या तासाला मुलगा सांगेल तर बाई खूश होतील.

---

मंगळवारपेठी

मंडळी, किती भरभरून लिहिलंत. काल रात्री जेवल्यावर सगळ्यांनी मिळून ठरवलं. आजींच्या सांगण्यावरून आईलाच आधी विचारलं. ती म्हणाली, नदीकाठची गावं आधी, गड पुढच्या सुट्टीत.

तर बेत असा. पॅसेंजरनं जयसिंगपूर. वळिवडे आलं की पोलिश लोकांची गोष्ट बायको सांगणार, तिनं ती आत्ताच पाठ केलीय. जयसिंगपुरात गल्ल्यांच्या नंबरांचा खेळ मुलीकडं. दुपारी एसटीनं शिरोळला उतरून भोजनपात्र मंदिर, टेकून आराम, संध्याकाळी वाडी. पालखी आणि मुक्काम तिथंच. दुसऱ्या दिवशी सकाळी पूल ओलांडून कुरुंदवाड, घाट, गल्ल्या, पुराच्या रेघा. जेवून वडाप किंवा एसटीनं खिद्रापूर. आईला शिळेवर झोपवायचं ठरलंय, ती आत्तापासून नको नको म्हणतेय.

काही बदल सुचवाल का?

---

घाटावरचा_कुरुंदवाडकर

बेत झकास. दोनच बदल. एक, सकाळी पूल ओलांडताना उन्हाच्या आधी निघा. पुलावर सावली नाही आणि उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या दिवाळीनंतर सुरू झाल्या असतील तर एका कडेनं, मुलीला आतल्या बाजूला घेऊन चाला. दोन, खिद्रापूरहून परतीची शेवटची एसटी किती वाजता ते कुरुंदवाड स्टँडवर आदल्या दिवशी विचारून ठेवा, वडापवाला संध्याकाळी माणसं भरल्याशिवाय हलत नाही.

आणि कुरुंदवाडात जेवायला हॉटेल शोधू नका. गावात पोचलात की इथं लिहा, मी घाटावर येतो. चुलत्यांच्या घरची रेघ दाखवतो आणि जेवण आमच्याकडं. आईंना बसायला ओटा आहे, बाकीची सोयही घरात आहे. मीठ-तिखट किती चालतं तेवढं आधी कळवा.

---

मंगळवारपेठी

मुलीला तिखट कमी, बाकी सगळे कोल्हापूरचे. येतोय.